रस्ता किती अडला?



आपल्याकडच्या चित्रणाची सुरुवात स्टुडिओत झाली नाही, शहरात झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्तीचा एक सामना कॅमेऱ्यात टिपला. दोन वर्षांनी, १९०१ च्या डिसेंबरात, केंब्रिजहून सीनिअर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागतासाठी चौपाटीवर लोक जमले, तेव्हाही सावेदादा कॅमेरा घेऊन हजर होते. सेट नव्हता, दिवे नव्हते. मोकळी जागा, ऊन आणि जमलेली माणसं एवढ्या भांडवलावर ती चित्रं निघाली.

जागेवरच्या चित्रणातली अडचणही तितकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी बाहेरगावी चित्रण करत होते, तेव्हा तलवारी-भाले घेतलेल्या नटमंडळींना गावकऱ्यांनी दरोडेखोर समजून धरून दिलं आणि फाळक्यांनी खुलासा केल्यावरच त्यांची सुटका झाली, असा प्रसंग त्यांच्याविषयी सांगितला जातो. तपशिलात काही भर पडली असेल. पण हत्यारं घेऊन फिरणारी ही अनोळखी माणसं कोण, हा गावाचा प्रश्न रास्त होता. शंभरावर वर्षं झाली, तरी कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्याला हाच प्रश्न विचारला जातो. फरक एवढाच, की आता तो एका गावाकडून येत नाही, पाच-सात कार्यालयांकडून येतो.

आजचा विषय आहे शहरात, जागेवर जाऊन केलेलं स्वतंत्र चित्रपटाचं चित्रण. स्वतंत्र म्हणजे ज्याच्या पाठीशी मोठं बॅनर नाही, नावाजलेला नट नाही, वितरकाने आधी मोजलेली रक्कम नाही, असा चित्रपट. तो मित्रांच्या पैशावर, एखाद्या छोट्या निर्मात्याच्या हिमतीवर किंवा परदेशी महोत्सवांच्या निधीवर उभा राहतो. सेट परवडत नाही म्हणून असे लोक रस्त्यावर येतात, हे अर्धंच खरं. त्यांची गोष्टच त्या रस्त्यावर घडत असते, हे उरलेलं अर्धं.

अवतार कृष्ण कौल यांचा ‘२७ डाउन’ (१९७४) घ्या. रमेश बक्षी यांच्या कादंबरीवर बेतलेला हा चित्रपट रेल्वेच्या एका तिकीट तपासनिसाची गोष्ट सांगतो. छायाचित्रकार अपूर्व किशोर बीर यांनी कॅमेरा हातात धरून बोरीबंदरचे फलाट, लोकलमधून उसळत बाहेर पडणारी गर्दी आणि रात्रीचे रिकामे डबे कृष्णधवल फिल्मवर उतरवले. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कौल त्याच वर्षी गेले. हा त्यांचा एकमेव चित्रपट ठरला. सत्तरच्या दशकातलं बोरीबंदर चालताना, श्वास घेताना कसं दिसत होतं, हे ज्याला पाहायचं असेल, त्याला आज या चित्रपटाकडे जावं लागतं. स्टुडिओत उभारलेल्या फलाटावर गोष्ट सांगता आली असती, पण माणसांचा तो लोंढा कुठून आणला असता?

असा चित्रपट आज मुंबईत करायचा झाला तर काय काय करावं लागतं, ते क्रमाने पाहू.

समजा, दृश्य साधं आहे. एक बाई दादर पश्चिमेच्या फूलबाजारातून निघते, स्टेशनचा पूल ओलांडते आणि पूर्वेला उतरून टॅक्सी पकडते. पडद्यावर ते दोन मिनिटांचं असेल. फूलबाजारातला रस्ता आणि पदपथ महापालिकेचे, म्हणजे आधी विभाग कार्यालय. स्थानिक पोलीस ठाण्याचं ना-हरकत पत्र वेगळं, वाहतूक पोलिसांचं वेगळं. दादर स्टेशन पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वेंचं. एकीचं मुख्यालय चर्चगेटला, दुसरीचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. बाई एकाच पुलावरून चालते, पण तिच्या मागून चालणाऱ्या कॅमेऱ्याला दोन दारं ठोठावावी लागतात. रेल्वेला पटकथेतला संबंधित भाग आधी पाहायचा असतो. शिवाय परवाना शुल्क, अनामत रक्कम आणि विमा. पलीकडे टॅक्सीत बसलेली बाई वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून जाणार असेल, तर तो सेतू राज्य रस्ते विकास महामंडळाचा. ती बंदराच्या हद्दीत शिरली, तर बंदर प्राधिकरण. आणि शेवटी ती ज्या इमारतीत शिरते, तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेतच.

राज्य सरकारने यावर एक खिडकी योजना आणली. गोरेगावच्या चित्रनगरीचा कारभार पाहणाऱ्या महामंडळामार्फत एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, ही चांगली सोय आहे आणि तिचं स्वागतच व्हायला हवं. पण राज्याची खिडकी राज्याच्या खात्यांपुरतीच उघडते. रेल्वे, बंदर, विमानतळ आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याची स्मारकं केंद्राकडे आहेत. मुंबईची गोष्ट मात्र लोकलशिवाय आणि समुद्राशिवाय क्वचितच पुरी होते.

म्हणून मोठे निर्माते शहराबाहेर पडतात. पनवेलजवळचं आपटा स्टेशन हे याचं ओळखीचं उदाहरण. तिथे गाड्या कमी, फलाट मोकळा, म्हणून कितीतरी हिंदी चित्रपटांतली रेल्वेची दृश्यं तिथे झाली; ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ची (१९९५) अखेरही तिथलीच. ज्याला नुसतं स्टेशन हवं आहे त्याचं आपट्यात भागतं. ज्याला दादर हवं आहे त्याचं भागत नाही.

कागदपत्रं झाली, की खरी कसोटी सुरू होते. पहिली आवाजाची.

ही अडचण आपल्या बोलपटाच्या जन्मापासूनची आहे. ‘आलम आरा’ (१९३१) ज्या स्टुडिओत झाला, तो रेल्वेमार्गाला लागून होता. दिवसा गाड्यांच्या खडखडाटात संवाद ऐकू येत नसत, म्हणून बरंचसं चित्रण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर करण्यात आलं. पुढे कित्येक दशकं आपल्या चित्रपटांनी जागेवरचा आवाज सोडूनच दिला. सर्रास वापरात असलेला अ‍ॅरी २सी कॅमेरा स्वतःच मोठा आवाज करायचा. मग काय, दृश्य रस्त्यावर घ्यायचं आणि संवाद डबिंगच्या खोलीत म्हणून घ्यायचे. चित्रात शहर असे, कानात नसे.

आता कॅमेरे मुके झाले आणि चित्रणासोबतच आवाज टिपणारा सिंक साउंड रूढ झाला, तर शहराचा गोंगाट वाढला. कुर्ला-घाटकोपरच्या पट्ट्यात विमानं डोक्यावरून उतरतात. जुनी इमारत पाडण्याचं नाही तर नवी उभारण्याचं काम जवळपास कुठेतरी चालू असतंच. ध्वनिमुद्रक नटाच्या कपड्यांत लॅपल माईक लपवतो, बूम चौकटीच्या कडेपर्यंत आणतो आणि संवाद संपल्यावर सर्वांना गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज वेगळा मुद्रित करून घेतो. पुढे संकलनात एका वाक्यामागे हॉर्न आणि दुसऱ्यामागे शांतता असं झालं, तर या नुसत्या आवाजाची पट्टीच सांधा जुळवते. ‘स्लमडॉग मिलियनेर’साठी रसूल पूकुट्टी यांना सहकाऱ्यांसोबत ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं, त्यामागे मुंबईच्या रस्त्यांवर जागच्या जागी टिपलेल्या आवाजाचा मोठा हात होता.

दुसरी कसोटी उजेडाची. जनरेटर व्हॅन आणायची, तर ती उभी करायला जागा हवी, जागेला परवानगी हवी, आणि गल्लीतल्या लोकांच्या झोपेचा विचार हवा. या बाबतीत तंत्रज्ञानाने छोट्या चमूला खरोखर हात दिला. डॅनी बॉइल यांच्या त्याच चित्रपटात छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल यांनी एसआय-२के हा लहानसा डिजिटल कॅमेरा वापरला. त्याचं चित्रमुद्रणाचं यंत्र चालकाच्या पाठीवरच्या पिशवीत मावत असे, त्यामुळे वस्तीतल्या बोळांतून पळणाऱ्या मुलांच्या मागे कॅमेरा पळू शकला. मुख्यतः डिजिटल कॅमेऱ्यावर झालेल्या चित्रपटाला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ. तो चित्रपट आपल्या मोजमापाने गरीब नव्हता. पण त्यातून मिळालेला धडा गरिबांच्या कामाचा होता. आज पानाच्या टपरीवरच्या ट्यूबलाइटमध्ये चेहरा वाचता येईल असे कॅमेरे भाड्याने मिळतात.

तिसरी कसोटी माणसांची. कॅमेरा दिसला, की बघे थांबतात, आणि थांबलेला माणूस कॅमेऱ्यात पाहतो. त्यावर हरेकाची तोड वेगळी. कुणी समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून लांब पल्ल्याची लेन्स लावतं. कुणी अनोळखी चेहरे घेतं. कुणी चित्रणाआधी कित्येक दिवस त्याच कोपऱ्यावर चहा पीत बसतं, वस्तीला आपली सवय होईपर्यंत. शिवाय शहर स्वतः बदलतं. रेकीच्या वेळी दिसलेलं होर्डिंग चित्रणाच्या दिवशी उतरलेलं असतं, दुकानाचं शटर वेगळ्या रंगात रंगवलेलं असतं, महिन्याने राहिलेला एक शॉट घ्यायला जावं तर आख्खी इमारत हिरव्या जाळीत गुंडाळलेली असते. मोठं युनिट अशा वेळी तो कोपरा सेटवर पुन्हा उभारतं. छोट्याला पटकथा बदलावी लागते.

एवढ्या अडथळ्यांपुढे स्वतंत्र दिग्दर्शक जे करतो, त्याला आपल्याकडे गनिमी कावा म्हणतात. त्याची परंपरा मोठी आहे. ज्याँ-ल्यूक गोदार यांच्या ‘ब्रेथलेस’साठी (१९६०) छायाचित्रकार राऊल कुतार चाकाच्या खुर्चीत बसून पॅरिसमध्ये चित्रण करत होते, शाँझेलिझेवर तर टपालाच्या ढकलगाडीत लपून. मृणाल सेन यांच्या ‘इंटरव्ह्यू’मध्ये (१९७१) ट्राममधला नायक सरळ प्रेक्षकांकडे वळतो, मृणाल सेन आपल्या मागे कॅमेरा घेऊन फिरत आहेत असं सांगतो, आणि छायाचित्रकार के. के. महाजन कॅमेऱ्यासकट पडद्यावर दिसतात. जे बहुतेक जण लपवतात, ते सेन यांनी कलकत्त्याच्या भर ट्राममध्ये उघड केलं.

अगदी अलीकडचं उदाहरण पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’चं. २०२४ मध्ये या चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. तीस वर्षांत तिथल्या मुख्य स्पर्धेत पोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट. मुंबईत परवानग्यांसह चित्रण करणं किती खर्चाचं आहे, हे या चमूने मुलाखतींतून सांगितलं आहे; काही ठिकाणी तर त्यांनी लहान कॅमेरा घेऊन, लोकेशनची पाहणी चालली आहे अशा बेताने काम उरकलं. या चित्रपटात छाया कदम यांनी साकारलेली पार्वती मूळची रत्नागिरीची. गिरणगावातलं तिचं राहतं घर बिल्डर घेऊ पाहतो, आणि तिथे इतकी वर्षं राहिल्याचा कागद तिच्याकडे नाही. ज्या शहराची ही गोष्ट आहे, त्याच शहरात ती टिपायला चोरपावलांनी यावं लागलं, हे मनाला लावून घेण्यासारखं आहे.

गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकायला बहारदार असतात. त्याची किंमत सहसा सांगितली जात नाही, म्हणून ती इथे सांगायला हवी.

परवानगी नसेल तर विमा लागू होत नाही. धावत्या लोकलच्या दारात उभ्या सहायकाचा तोल गेला, तर त्याच्या घरच्यांना कुणी वाली नाही. कॅमेरा भाड्याचा असतो. तो पोलीस ठाण्यात जमा झाला, तर चित्रण त्या दिवसापुरतं नाही, कायमचं थांबू शकतं. आणि चित्रपट पुरा झाल्यावर त्याहून मोठं संकट पुढे येतं. परदेशी वितरक किंवा ओटीटी कंपनी चित्रपट घेताना प्रत्येक जागेची लेखी संमती मागते. चोरून घेतलेला उत्तम शॉट त्या टेबलावर अडचण ठरतो. वर सेन्सॉर मंडळाचे सोपस्कार. चित्रपटात प्राणी वापरला असेल तर प्राणी कल्याण मंडळाचं पत्र लागतं, आणि आपल्या रस्त्यावरच्या चौकटीत कुत्रं, मांजर, गाय आपणहून येतात. त्यांना आपण आणलं नव्हतं, हेही मग समजावून द्यावं लागतं.

काही दिग्दर्शक या कोंडीतून तिसरी वाट काढतात. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) व्हेनिसच्या ओरिझाँती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातलं न्यायालय इतकं खरं वाटतं, की ते सेटवर उभारलेलं आहे यावर विश्वास बसत नाही. चालू न्यायालयात चित्रण करायला मिळत नाही; म्हणून प्रत्यक्ष न्यायालयांत बसून केलेलं निरीक्षण तिथे ओतलं गेलं. पण खटल्यातल्या शाहिराच्या कार्यक्रमाचं मैदान, वकिलांची घरं, लोकलचा प्रवास यांसाठी चित्रपट शहरातच गेला. ताम्हाणे यांचा कॅमेरा लांब, स्थिर, पसरट चौकट धरतो. सेटवर ते सोपं असतं. रस्त्यावर अशा चौकटीत दहा गोष्टी एकाच वेळी घडतात आणि त्यातली एक जरी बिघडली, तरी सगळं पहिल्यापासून. कुठे पैसा घालायचा आणि कुठे शहरावर भरवसा ठेवायचा, याचा हा नेमका हिशेब आहे.

शहराची बाजूही तितक्याच गंभीरपणे ऐकायला हवी. व्हॅनिटी व्हॅनची रांग गल्लीत लागली, की रहिवाशांना स्वतःच्या दारात गाडी उभी करता येत नाही. रात्रभर जनरेटर धडधडतो. पदपथावर केबल पसरतात आणि म्हाताऱ्या माणसांना रस्त्यावरून चालावं लागतं. हा राग खरा आहे. पण तो मोठ्या युनिटांनी कमावलेला आहे, आणि पुढच्या आठवड्यात तिघं जण एक कॅमेरा घेऊन आले की त्यांच्यावर निघतो.

ज्यांचं आयुष्य आपण टिपतो, त्यांचं देणं हा आणखी एक मुद्दा. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे!’मध्ये (१९८८) मुंबईच्या रस्त्यांवर खरोखर राहणारी मुलं होती. बॅरी जॉन यांनी त्यांची कार्यशाळा घेतली. त्यांच्यातल्या शफीक सय्यदला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, चित्रपटाला कानचा कॅमेरा दोर. त्याच वर्षी या कामातून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, आणि तो आजही रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतो. प्रत्येक चित्रपटाला ट्रस्ट काढता येणार नाही. पण ज्याचा चेहरा जवळून घेतला त्याला विचारणं, ज्याच्या दुकानापुढे दिवसभर उभं राहिलो त्याची बुडालेली विक्री भरून देणं, युनियनचे कामगार घेतले तर बारा तासांची पाळी पाळणं, एवढं खिसा रिकामा असतानाही जमतं, आणि जमलंच पाहिजे.

मग वाट कोणती? तिचा एक नमुना तयार आहे, आणि तो घडण्याचं निमित्त एक मुंबईकर आहे.

माहितीपटकार राकेश शर्मा, ‘फायनल सोल्यूशन’चे (२००४) दिग्दर्शक, २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हातातल्या कॅमेऱ्याने चित्रण करत होते. पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतलं. परवान्याचे नियम तिथे नीट लिहिलेलेच नव्हते. तिथल्या नागरी हक्क संघटनेच्या मदतीने शर्मा न्यायालयात गेले, आणि तडजोडीत शहराने लेखी नियम करण्याचं कबूल केलं. २००७ चा पहिला मसुदा भलताच कडक होता: दोन माणसं एका जागी अर्ध्या तासाहून अधिक वेळ कॅमेरा घेऊन थांबली, तरी परवाना आणि १० लाख डॉलरचा विमा. कलावंत आणि सामान्य नागरिकांनी जोरदार विरोध केला. मसुदा मागे घेऊन नवे नियम लिहिले गेले आणि २००८ मध्ये लागू झाले. हातातला कॅमेरा किंवा तिकाटणं एवढंच असेल आणि तुम्ही सार्वजनिक जागेवर स्वतःचा ताबा सांगत नसाल, तर परवान्याची सक्ती नाही. पदपथावर लोकांना चालायला पुरेशी वाट मोकळी असली, की झालं. शिवाय कुणाला हाताशी कागद हवाच असेल, तर ऐच्छिक परवानाही मिळतो.

या नियमाची भिस्त एका साध्या प्रश्नावर आहे: रस्ता किती अडला? तुम्ही चित्रपट करता की माहितीपट, तुमचा चित्रपट विकला जाणार की नाही, याच्याशी शहराला घेणंदेणं नाही. लोकांची वाट अडवली तर त्याचे पैसे आणि त्याची परवानगी. नाही अडवली तर मोकळीक. आपल्याकडचे दर आणि अर्ज मोठं युनिट डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले आहेत. दोनशे माणसं, दहा गाड्या आणि जनरेटर घेऊन येणाऱ्याला आणि पाठीवरच्या पिशवीत सगळं मावणाऱ्या पाच जणांना एकाच रांगेत उभं केलं, की पाच जण रांग सोडून चोरवाटेने जातात, आणि मग कुणाचीच नोंद कुणाकडे राहत नाही. सुरक्षेसाठीही हे वाईट आहे. कोण, कुठे, किती वेळ चित्रण करतं आहे हे पोलिसांना कळावं असं वाटत असेल, तर कळवणं सोपं आणि फुकट असलं पाहिजे.

तेव्हा मागणी अशी. दहापर्यंत माणसं, हातात उचलता येईल एवढंच सामान, बाहेरचे दिवे नाहीत, वाहन उभं करणं नाही, वाट अडवणं नाही. अशा चमूसाठी परवान्याऐवजी सूचनापत्र असावं. एक पान, त्यावर दिवस, वेळ, जागा, जबाबदार माणसाचं नाव आणि फोन. पोच मिळाली की ती पोलीस, महापालिका आणि वाहतूक शाखा या तिन्हींना मान्य असावी, आणि बीटवरच्या हवालदाराला फोनवर तपासता यावी. दोन्ही रेल्वेंनी गर्दी नसलेल्या वेळा ठरवून, छोट्या चमूंसाठी एकच सामाईक अर्ज ठेवावा. चमूने त्याबदल्यात दोन गोष्टी लिहून द्याव्यात: अपघाताचा विमा घेतल्याचं, आणि पुरा झालेला चित्रपट पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमा करण्याचं. १९६४ पासून चाललेल्या त्या संग्रहालयात शहरांचा हा चालता-बोलता दस्तऐवज विनासायास साठत जाईल.

याची सुरुवात सगळ्या मुंबईत करायची गरज नाही. महापालिकेचा जी-उत्तर विभाग घ्यावा. दादर, माहीम आणि धारावी तिन्ही त्यात येतात, म्हणजे बाजार, समुद्र आणि दाट वस्ती एकाच ठिकाणी तपासता येतील. अर्जाचा मसुदा प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या, स्वतंत्र निर्माते आणि त्या भागातल्या रहिवासी संघटना यांनी एकत्र बसून करावा, म्हणजे तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं आधीच त्यात येईल. वर्षभर तो चालवावा. किती चमू आले, किती तक्रारी झाल्या, त्यांतल्या किती छोट्या चमूंविरुद्ध होत्या आणि किती मोठ्यांविरुद्ध, याचा तपशील महापालिकेने प्रसिद्ध करावा, आणि त्या आकड्यांवर उरलेल्या विभागांचा निर्णय घ्यावा.